बाभळबनातला फोकस

माझ्या शेळीला सरकारनं संडास बांधून दिला हाय. हसू नका, खरं सांगून राहिले. चार फुटाची खोली, वर पत्रा, निळं दार, दारावर पिवळ्या रंगात 'स्वच्छ घर, सुखी संसार' असं लिहिलेलं. आत माझी भुरी राहती, तिची दोन करडं राहतात, पावसाळ्यात गवऱ्या राहतात. माणसानं बसायचं म्हणलं तर खाली खड्डाच न्हाई.

आमचा तांडा खैरदरी गावाचाच, पण गावापासून जरा लांब. सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या पुढं. मी पारुबाई, रूपसिंगची बायको. रूपसिंग म्हणजे देवमाणूस; देव जसा गप बसून असतो तसाच बसून असतो. बोलायचं काम माझं. आन् एवढी तोंडाची मी, तरी जिथं बोलायला पाहिजे तिथंच मला तोंड उघडता येत नव्हतं. त्याचंच सांगते.

आधी त्या संडासाचं ऐका. गाव हागणदारीमुक्त करा म्हणून वरून हुकूम आला. ग्रामसेवकानं घरोघर खोल्या उभ्या केल्या, रंग मारला. मग फोटो काढायचा दिवस आला. फोटोत भांडं दिसायला पाहिजे ना? तर भांडं सगळ्या तांड्यात मिळून एक. पांढरं, एका कोपऱ्याला टवका उडालेलं. माझ्या खोलीत ठेवलं, मला दारात उभं केलं, फोटो काढला. लगेच उचलून मोतीबाईच्या खोलीत, तिथून पुढच्या घरी. एकच भांडं तांडाभर मिरवलं, वरातीतल्या नवरदेवावानी. दिवस मावळंपर्यंत आमच्यात घरोघर संडास झाला. पुढं गावाचा सत्कार झाला, सरपंच फेटा बांधून ढाल घेऊन आला, पेढे वाटले. खड्डे कधी खंदणार म्हणून मोतीबाईनं विचारलं तर ग्रामसेवक म्हणला, पुढच्या टप्प्यात. तो टप्पा अजून येऊनच राहिला.

मग आमी बायका जायचो कुठं? बाभळबनात. तांड्याच्या मागं, नायकाच्या रानाच्या कडंला बाभळीचं दाट बन हाय. पुरुष नाल्याकडं जातात, बन बायकांचं. कुणी लिहून दिलेलं न्हाई, पण माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. दिवस बुडाला की टमरेल घेऊन चार-पाच जणींनी मिळून जायचं, न्हाईतर उजाडायच्या आत जायचं. काटे टोचतात, इंचू-काटा निघतो, तरी ती आमची जागा. नव्या सुना तिथंच मोकळ्या रडतात, तिथंच हसतात. पावसाळ्यात तर दुसरी जागाच न्हाई. चहूकडं सोयाबीन आन् तूर. कुणाच्या पिकात पाय ठेवला की मालक बोंब ठोकतो.

बनाची जमीन कागदावर नायकाची. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य, रामसिंग. माझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ, माझा जेठ. आमच्यात जेठापुढं बाईनं बोलायचं नसतं. पदर नाकाच्या खाली ओढायचा, पाठ फिरवायची, ते जाईपर्यंत तसंच उभं राहायचं. ती पाठ म्हणजे मान असतो. लग्न होऊन आले तेव्हा माझे दात दुधाचे नसले तरी अक्कल दुधाचीच व्हती, आन् आता डोक्याचे केस पिकले. एवढ्या काळात मी जेठाशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांनीबी माझं तोंड बघितलेलं नव्हतं.

मग काही सांगायचं असलं तर? शेळीला सांगायचं. 'अगं भुरे, भाकरी झाल्या बरं का, ज्यांना भूक लागली त्यांनी हात धुवावे.' जेठ खोकतात, म्हणजे ऐकलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं आमच्याकडं शेळीला बोललेलं जेठाला लागतं. भुरीच्या आधी तिची आई व्हती, तिच्या आधी तिची आजी. सगळा संसार असाच बोलला, आन् बराबर चालला.

त्या साली आखाडात एक ट्रक चिखलातून घसरत बनापाशी आला. लोखंडाच्या कैच्या उतरवल्या, तारांची भेंडोळी उतरवली, एक जनरेटर उतरवला. कडंच्या बाभळी तोडल्या. म्हणले, मोबाईलचा टॉवर व्हणार. नायकानं कंपनीला भाड्यानं जागा द्यायचा शब्द दिला व्हता. पोरं नाचायला लागली. तोवर फोन लावायचा तर पोरांना पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. माझा दिपक गोरेगाव-हिंगोली जीप चालवतो, त्याला तर आभाळ ठेंगणं झालं. मलाबी बरं वाटलं, माझं काय जात व्हतं? मग दिवस मावळला आन् त्यांनी फोकस लावला.

लोखंड चोरीला जाऊ नये म्हणून कंपनीनं एक वॉचमन ठेवला, त्याला खाट दिली, आन् उंच बांबूला दिवा बांधला. तांड्यात लाइट न्हाई, भारनियमन. आन् बनात जनरेटरवर भक्क उजेड! अगं बया, बाभळीचा काटा न् काटा दिसायला लागला. आमी टमरेल घेऊन पाऊलवाटेवर उभ्या. तो बाबा खाटेवर बसून आमालाच विचारतो, "काय पाहिजे, बाई?" काय पाहिजे! मुडद्या, तुझा दिवा विझायला पाहिजे. पण हे परक्या माणसाला म्हणायचं कसं? तशाच माघारी वळलो.

तेव्हापासून आमची दैना सुरू झाली. चिखल तुडवत पार ओढ्याच्या पलीकडं जायचं, तिथं निसरडं, तिथं पाणी. धडधाकट बाया कशातरी निभावून न्यायच्या. पण माझी सून शिला पोटुशी व्हती, सातवा चाललेला. तिला एवढं चालवंना. पोरीनं काय केलं, तर पाणीच पिणं सोडलं. सकाळी घोटभर, दुपारी घोटभर. मी तांब्या पुढं केला की म्हणायची, "तहान न्हाई, याडी." आमच्यात आईला याडी म्हणतात, ती मलाबी तेच म्हणती.

पाय सुजले, अंगात कसकस भरली, तशी दिपकच्या जीपमध्ये घालून तिला गोरेगावच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाई चांगली व्हती, पण खवळली. "लघवीला आग होते, ताप येतो, आणि पाणी का पीत नाही ही मुलगी? हे असंच वाढलं तर लेकरू दिवसाआधी येईल, आणि मग ते हाताला लागेलच असं सांगता येत नाही." शिला खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली. येताना जीपमध्ये माझ्या कानात म्हणली, "याडी, पाणी पिलं की जावं लागतंय."

एवढंच म्हणली. माझ्या काळजाचं पाणी झालं. एका दिव्यापायी माझ्या घरातलं लेकरू पोटात सुकून राहिलं व्हतं, आन् मी शेळीशी बोलत बसले व्हते.

मग नायकाच्या अंगणात बैठक झाली. सरपंच आला, ग्रामसेवक आला, कंपनीचा एक साहेब आला, पांढऱ्या बुटाला चिखल लागू नये म्हणून टाचेवर चालत. साहेबानं सांगितलं, वस्तीच्या एवढ्या जवळ टॉवर लावायचा तर ग्रामपंचायतीचं ना हरकत पत्र लागतं, आसपासच्या लोकांची काही तक्रार न्हाई असं. म्हणजे बघा, लोखंड आधी येऊन पडलं, बाभळी आधी तुटल्या, आन् परवानगी मागून. लेकरू झाल्यावर लग्नाची तिथी काढायला बसलेले हे शहाणे!

आमी बायका दाराआड उभ्या. चहा द्यायच्या निमित्तानं मी भुरीला अंगणात ओढत आणलं आन् तिच्या कानात न्हाई, चांगलं मोठ्यानं बोलले. "भुरे, अगं भुरे, बनात दिवा लावला, आता बायामाणसांनी कुठं तोंड काळं करावं? घरात पोटुशी सून हाय, ती पाण्याला शिवत न्हाई. ज्याचं बन हाय त्याला डोळे हायत का न्हाई?"

जेठ खोकले. एकदा न्हाई, दोनदा खोकले. म्हणजे शब्द न् शब्द पोचला. पण बोलले न्हाईत. नायकानं एकदा शब्द दिला की दिला, एक ते. आन् दुसरं, सुनांच्या जायच्या जागेचं नाव त्यांनी तरी चार पुरुषांत कोणत्या तोंडानं काढावं? माझ्या तोंडावर पदर, त्यांच्या तोंडाला कुलूप.

साहेबानं सरपंचाला विचारलं, "ती बाई काय म्हणतेय?"

"काही नाही, शेळीशी बोलती," सरपंच म्हणला, आन् दोघं खी खी करून हसले.

मग साहेब आमच्याकडं वळला. "इथल्या लेडीजची काही हरकत?" तो असा समोर आला, त्याच्या मागं जेठ, आमी सगळ्या जणींनी पदर ओढले आन् पाठी फिरवल्या. साहेब म्हणला, "नाही ना? छान." आन् लिहून घेतलं. आमी त्यांना मान दिला, त्यांनी तो ना हरकत म्हणून खिशात घातला. चोर तर चोर, वर शिरजोर.

दुसऱ्या दिवशी हापशावर मी सगळ्यांपुढं रागानं घागर आपटली. मोतीबाई म्हणली, "घागरीनं काय घोडं मारलं तुझं? ग्रामसभेत मी बोलते." मोतीबाई म्हणजे तांड्याची लेक. नवरा वारला, माहेरी आली, इथंच राहिली. ती सून न्हाई, तिला कुणापुढं पदर न्हाई, नायकाला ती तोंडावर भाऊ म्हणती. मी म्हणले, तूच बोल माय, तुझी जीभ मोकळी हाय. शिलाला मी त्या दिवसापासून दमदाटी करून पाणी पाजायला लागले. "पी. कुठं जायचं ते मी बघते," म्हणायची. कुठं बघणार व्हते देव जाणे.

ग्रामसभा पंधरा ऑगस्टला. झेंडा लागला, पोरांना गोळ्या वाटल्या, पंचायतीच्या आवारात ताडपत्री टाकली. एकीकडं पुरुष, एकीकडं आमी. तांड्यातल्या बाया ग्रामसभेला आलेल्या बघून सरपंचाच्या कपाळाला आठी पडली. शिला घरी एकटी नको म्हणून दिपकनं तिलाबी जीपमध्ये बसवून आणलं आन् तो आपल्या फेरीला गेला. कंपनीचा साहेब खुर्चीवर, नायक सरपंचाच्या शेजारी. ग्रामसेवकानं विषय वाचले. रस्त्याचा मुरूम झाला, दिवाबत्ती झाली, मग म्हणला, "मोबाईल टॉवरला ना हरकत देणे. कोणाची हरकत?"

मोतीबाई उठली. जुना घागरा घालून आली व्हती, कमरेवर हात ठेवला. "माझी हाय. तांड्यातल्या समद्या बायांची हाय. जिथं तुमी दिवा लावला ती आमची बाहेर जायची जागा हाय. दिवा काढा, टॉवर दुसरीकडं न्या."

पुरुषांत खसखस पिकली. कुणीतरी मागून म्हणलं, "नेटवर्क बिझी आहे म्हणावं." मोतीबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो खाली बसला.

ग्रामसेवकानं पेन कानावर ठेवला. "बाई, अशी हरकत लिहिता येत नाही."

"काहून?"

"आपलं गाव हागणदारीमुक्त आहे. घरोघर संडास आहेत, फोटो आहेत, तुमचा स्वतःचा फोटो आहे. गावात कोणी बाहेर जातच नाही. मग बाहेर जायच्या जागेची हरकत मी कशी लिहू? उद्या वरून विचारलं तर मी काय सांगू?"

सरपंच तर उठूनच उभा राहिला. "ढाल परत जाईल गावाची! आणि कोण जातं बाहेर? त्या बाईनं उभं राहावं, नाव सांगावं. रेशन बंद करतो तिचं."

आमच्यातल्या ज्या दोघी-तिघी अर्ध्या उठल्या व्हत्या त्या खाली बसल्या. रेशन म्हणलं की कुणाचीबी जीभ आत जाती.

माझं डोकं भणाणलं. म्हणजे ऐका हो. आमी रोज जातो. सगळ्या गावाला माहीत, सरपंचाला माहीत, त्या ग्रामसेवकाच्या फटफटीचा उजेड पडला की आमी किती वेळा उठून उभ्या राहिलोय ते त्यालाबी माहीत. पण कागद म्हणतो जात न्हाईत, म्हणून आमाला लागतच न्हाई! आधी खोटा संडास दिला, आन् आता त्याच खोट्यानं खरी जागा घेऊन राहिले. आन् वर आमालाच दम. असल्या कारभाराला काय म्हणावं? चुलीत घाला ती ढाल.

तेवढ्यात शिलानं माझा हात घट्ट धरला. "याडी, लागलीय. धरवत न्हाई." सकाळीच मी तिला तांब्याभर पाणी पाजलेलं. तांडा लांब, दिपकची जीप न्हाई, वाटेत गुडघाभर चिखल. पोरीच्या कपाळावर घाम आलेला. आन् समोर, आवाराच्या कोपऱ्यात, फरशी लावलेली खोली. दारावर लिहिलेलं 'आदर्श शौचालय'. दाराला कुलूप.

सवयीनं मी इकडं तिकडं बघितलं. शेळी न्हाई, मांजर न्हाई, कुणाचं लेकरूबी मांडीवर न्हाई. ज्याला बोलावं असं तिथं काहीच नव्हतं. मी उठले, पुरुषांच्या बाजूला गेले आन् पदर मागं टाकला.

"जेठजी," म्हणले, "तुमच्या सुनेला लघवीला लागलीय. सरपंचाकडून त्या खोलीची चावी घेऊन द्या."

खसखस थांबली. जेठानं वर बघितलं. माझं तोंड त्यांनी पहिल्यांदा बघितलं. मी म्हातारी झाले हे त्यांना तेव्हाच कळलं असंल. मला वाटलं आता भुई दुभंगती, पण भुई जागच्या जागी व्हती. मग ते सरपंचाकडं वळले आन् हात पुढं केला.

"चावी."

"नायक, ते जरा... वापरात नाही अजून," सरपंच पुटपुटला.

"चावी द्या."

जेठानं स्वतः कुलूप काढलं, दार ओढलं. आत बिलिचिंग पावडरीची पोती, मोडक्या खुर्च्या, गेल्या साली लावलेल्या झेंड्याचा बांबू. खाली सपाट फरशी, खड्डा न्हाई, भोक न्हाई, काही न्हाई. आन् पोत्यांच्या वर आडवं पडलेलं ते भांडं. पांढरं, एका कोपऱ्याला टवका उडालेलं. मी लगेच ओळखलं.

मोतीबाई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणली, "नवरदेव इथं येऊन झोपलाय व्हय!"

कुणी हसलं न्हाई. कंपनीचा साहेब बुटाकडं बघायला लागला. मी मागं वळले तर शिला भिंतीला धरून उभी, डोळ्यांतून धारा. आता ते माझ्या हातात नव्हतं, तिच्याबी हातात नव्हतं. मी ओरडले, "या गं समद्या!"

बाया उठल्या. त्या खोलीच्या बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात शिलाला बसवलं आन् भोवती कडं केलं. मोतीबाईनं घागऱ्याचा घेर पसरला, बाकीच्यांनी पदर पसरले, खांद्याला खांदा लावला. आमची तोंडं बाहेर. समोर सगळी ग्रामसभा.

जेठ पुरुषांपुढं जाऊन उभे राहिले. "पाठी फिरवा," म्हणले.

कुणी हललं न्हाई, तसे ते असे गरजले की झाडावरचे कावळे उडाले. "फिरवा पाठी! घरात आया-बहिणी हायत का न्हाई?"

मग एकेक जण फिरला. साहेब फिरला. ग्रामसेवकानं वही छातीशी धरली आन् भिंतीकडं तोंड केलं. सरपंच सगळ्यात शेवटी, पण फिरला. आजवर आमी पाठी फिरवत आलो, त्या दिवशी त्यांनी फिरवल्या. माझा पदर दोन्ही हातांनी ताणलेला, डोक्यावर घ्यायला राहिलाच न्हाई. माझ्या मागं माझी सून हुंदके देऊन राहिली व्हती, आन् माझ्या अंगाची आग आग व्हत व्हती. लाज न्हाई हो, राग. लाजायचं कुणी? आमी? एवढा मोठा झेंडा वर फडकून राहिला, आन् त्याच्या खाली एका पोटुश्या लेकीला बसायला हातभर जागा न्हाई!

"ग्रामसेवक भाऊ," मी त्याच्या पाठीला म्हणले, "लिहा आता. गावात कुणी बाहेर जात न्हाई, लिहा ना!"

पाठ भिंतीला आणखी चिकटली.

शिला उठली, आमी तिला मधी घेतलं. जेठ साहेबाजवळ गेले. "जमीन माझी हाय. दिवा आजच काढा, लोखंड उचला. मी दिलेला शब्द मागं घेतला," म्हणले, आन् कुणाकडं न बघता चालायला लागले. नायकानं दिलेला शब्द मागं घ्यायचा म्हणजे आमच्यात नाक कापून हातात दिल्यासारखं असतं. ते त्यांनी चारचौघांत दिलं, हे मी इमानानं सांगते.

दिवा त्याच सांजेला उतरला. टॉवर पुढं सरपंचाच्याच रानात लागला, गावापासून दूर. भाडं तिकडं गेलं तशी सरपंचाची कळीबी खुलली. रेंज आली. पुढच्या सभेत मागचं काय लिहिलं ते ग्रामसेवकानं वाचून दाखवलं. माझ्या कानांनी ऐकलंय. 'सदर विषयास ग्रामस्थांची कोणतीही हरकत आली नाही. जागामालकाने घरगुती कारणास्तव संमती मागे घेतली.'

घरगुती कारण! तांड्यातल्या यच्चयावत बाया पंचायतीच्या आवारात कडं करून उभ्या राहिल्या, सगळं गाव भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं, आन् कागदावर काय, तर घरगुती कारण. मोतीबाई भांडायला उठली, मी तिला घागरा ओढून खाली बसवलं. दगडावर डोकं आपटून दगडाला काय व्हतंय?

शिलाला दिवस भरून पोरगी झाली. गुटगुटीत, काळ्याभोर डोळ्यांची. नर्सबाई म्हणली, आजीनं पाणी पाजलं बरं का. बाया परत बनात जायला लागल्या. "पारू, तू जिंकलीस गं," म्हणायच्या. मी हसायची, पण आतून काही केल्या हसू येत नव्हतं. जिंकलो काय आमी? दुनिया उजेड मागायला मोर्चे काढती. आमी अंधार मागायला गेलो, आन् तो मिळाला म्हणून खुश झालो. काट्याकुट्यातला, इंचवाचा अंधार! थू असल्या जिंकण्यावर.

एक दिवस सकाळीच नातीला मांडीवर घेऊन अंगणात बसले व्हते. समोर ते निळं दार, पिवळी अक्षरं, आत भुरी रवंथ करून राहिलेली. पोरीनं माझं बोट धरलं. मनात आलं, ही चालायला लागली की मी हिच्या हातात टमरेल देऊन हिला त्याच बाभळीत नेणार? कुणी दिवा लावला की हीबी पाणी पिणं सोडणार? मी पोरीला शिलाच्या हातात दिलं, भुरीला दोरीसकट बाहेर ओढलं, गवऱ्या फेकल्या, आन् खोलीच्या मागं टिकाव घेऊन खंदायला लागले. रूपसिंग म्हणला, "काय करून राहिली?" मी म्हणले, "पुढचा टप्पा."

कमरेएवढा खड्डा झाला. हाताला फोड आले, श्वास लागला. वर बघते तर काठावर जेठ उभे, खांद्यावर फावडं. पंचायतीतल्या त्या दिवसानंतर ते माझ्यासमोर आले नव्हते. माझा हात आपसूक पदराकडं गेला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. बाजूला बांधलेल्या भुरीकडं बघितलं, खोकले, आन् शेळीला म्हणले, "भुरे, सांग तिला. एवढ्यानं काय व्हतंय? पुरुषभर खोल पाहिजे."

मी पदर सोडून दिला.

"जेठजी," म्हणले, "शेळीला काहून सांगता? मी इथं उभी हाय. उतरा खाली आन् खंदा."

ते उतरले.